ठाण्याहून आलेला रविवार

रविवारी सकाळी डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरून स्टेशनकडे चालत जाऊन पाहावे. एरवी याच रस्त्यावर रिक्षाच्या रांगेत उभ्या माणसाचा डोळा घड्याळावर असतो. आठ-बाराची चुकली तर आठ-सोळा, तीही चुकली तर लेटमार्क. रविवारी मात्र तीच माणसे रमतगमत चालतात. हातात भाजीची पिशवी, सोबत एखादे पोर, चार रस्त्यावर ओळखीचे कुणी भेटले तर तिथेच दहा मिनिटांच्या गप्पा. पारसिकच्या डोंगरापलीकडे, ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आणखी एक मानपाडा आहे. घोडबंदर रोडवरच्या त्या मानपाड्यातही रविवारची सकाळ अशीच सैलावलेली असते. एका नावाच्या दोन वस्त्या, मधे खाडी आणि डोंगर, आणि दोन्हीकडे सहा दिवस धावून सातव्या दिवशी थांबलेली माणसे.

हा सातवा दिवस आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो दिवस-रात्रीसारखा आपोआप येतो असे वाटते. पण १८९० च्या आधी मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. ती कुणीतरी मागितली, नाकारली गेली तेव्हा पुन्हा मागितली, आणि मिळेपर्यंत जवळजवळ सहा वर्षे मागतच राहिले. मागणारा माणूस ठाण्यात वाढलेला होता, त्याने नोकरीची सुरुवात रेल्वे खात्यात केली होती, आणि पुढे भारतातल्या कामगार चळवळीचा जनक म्हणून त्याचे नाव झाले. नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडी रस्त्याच्या गावात

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. फुलमाळी समाजातले गरीब घर, मूळ गाव पुणे जिल्ह्यातले कन्हेरसर, आणि संसार ठाण्यात. ते चार-पाच वर्षांचे असतील तेव्हा, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यात आली. १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, आणि ओढायला ३ इंजिने: साहिब, सिंध आणि सुलतान. निघताना २१ तोफांची सलामी झाली. ३४ किलोमीटरचे हे अंतर कापायला गाडीला तास-सव्वा तास लागला. त्याआधी ठाण्याहून मुंबईला जायचे म्हणजे बैलगाडी नाहीतर होडी, आणि सारा दिवस वाटेत.

पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. लोक त्याला लोखंडी रस्ता म्हणू लागले. लोखंडी रस्त्याच्या पहिल्या टोकाच्या गावात एका लोखंड्यांचा मुलगा वाढत होता, हा योगायोग मला फार आवडतो. ठाण्याची ती पिढी ही देशातली पहिली अशी पिढी, जिच्या बालपणात गाडीची शिट्टी होती.

मॅट्रिकपर्यंत शिकून लोखंडे रेल्वे खात्यात लागले. तिथून टपाल खात्यात, आणि मग मांडवी गिरणीत भांडारपाल म्हणून. भांडारपाल म्हणजे स्टोअरकीपर: कोणता माल आला, किती गेला, कुणाच्या सहीने गेला, याची नोंद ठेवणारा. रेल्वे, टपाल आणि भांडार या तीन नोकऱ्या एका ओळीत ठेवून पाहिल्या की मला त्यात एक समान धागा दिसतो. तिन्हीकडे काम चालते ते नोंदीवर. गाडी किती वाजता सुटली, थैली किती वाजता पोचली, पेटीतून किती खिळे गेले. पुढे कामगारांच्या वतीने त्यांनी जे मागितले ते याच हिशेबी नजरेने मागितले, असे त्यांच्या मागण्या वाचताना वाटते.

सूर्यावर चालणारी गिरणी

त्या मागण्यांची गंमत कळायला त्या काळची घड्याळे समजून घ्यावी लागतात. लोखंड्यांच्या तरुणपणी मुंबईत दोन वेळा चालत. शहर स्वतःच्या स्थानिक वेळेवर, म्हणजे मुंबई टाइमवर, आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. शहराच्या घड्याळात बारा वाजले की रेल्वेच्या घड्याळात साडेबारा झालेले असत. गाडी पकडायची तर मनातल्या मनात अर्धा तास मिळवायचा. सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली ती १९०६ मध्ये.

म्हणजे रेल्वेने गावोगावच्या माणसांना मिनिटांची ओळख करून दिली. गिरणीत मात्र दिवस मोजायला सूर्य होता. उजाडले की यंत्रे सुरू, अंधारले की बंद. विजेचे दिवे अजून आले नव्हते. वरवर पाहता ही शेतकऱ्याच्या दिवसासारखीच रीत. पण शेतकरी मधे झाडाखाली बसू शकतो, पाऊस आला तर घरी जाऊ शकतो. वाफेच्या इंजिनाला जोडलेला पट्टा फिरत असेपर्यंत मागावरचा हात थांबू शकत नाही. मुंबईत डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनचा सव्वातेरा तासांचा. जसजसा उकाडा वाढेल तसतसा कामाचा दिवस लांबत जाई, आणि त्या जादा तासांचा वेगळा पैसा नसे.

कायदा होता, पण तोकडा. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ९ तास आणि महिन्याला ४ सुट्ट्या ठरवून दिल्या. हे वाचताना थांबायला होते. दुसरी-तिसरीत असायचे ते मूल ९ तास कारखान्यात, आणि ही सुधारणा! प्रौढ बाया-बापड्यांसाठी तर त्या कायद्यात कामाच्या तासांची काहीच मर्यादा नव्हती.

पाच मागण्या

मांडवी गिरणीच्या भांडारात बसून लोखंड्यांनी हे सगळे जवळून पाहिले. ते जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडले होते. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईहून पुन्हा सुरू केले आणि अखेरपर्यंत चालवले. कामगारांच्या तक्रारी मराठीत छापून येऊ लागल्या. ज्याचे गाऱ्हाणे मुकादमापुढे संपायचे, त्याचे गाऱ्हाणे आता शहर वाचू लागले.

१८८४ मध्ये सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली, तीन दिवसांनी दुसरी. याच सुमारास बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. लोखंडे तिचे अध्यक्ष. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगाकडे गेला. त्यात पाच गोष्टी मागितल्या होत्या.

पहिली, रविवारी सुट्टी. दुसरी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. चौथी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. पाचवी, काम करताना जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

तिसरी मागणी नीट पाहा. ती मला सगळ्यांत थक्क करते. सूर्यास्ताला हात लावलेला नाही, फक्त सकाळ घड्याळाला बांधली आहे. का? हिशेब करून पाहू. मुंबईची तेव्हाची वेळ आजच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. आज जूनमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे तेव्हाच्या घड्याळात साडेपाचच्याही आधी. कामाला साडेसहाला हात लावला तर उन्हाळ्याच्या दिवसातून तासाभराहून जास्त वेळ कामगाराला परत मिळतो. जानेवारीत आज सूर्योदय सव्वासातच्या आगेमागे होतो, तेव्हाच्या घड्याळात जवळजवळ साडेसहाला. म्हणजे हिवाळ्यात मालकाचा एक मिनिटही जात नाही! जिथे दिवस जास्त लांबतो तिथेच कात्री लावणारी ही मागणी. इतकी माफक, आणि इतकी नेमकी.

चौथ्या मागणीमागेही एक यंत्रणा दडलेली आहे. पगार महिनाभर किंवा त्याहून जास्त अडवून ठेवला की कामगार नोकरी सोडून जाऊ शकत नाही, कारण गेला तर कमावलेला पैसा बुडतो. तोवर घर चालते उधारीवर, आणि उधारीवर व्याज चढते. म्हणजे कामगार आपल्या मालकाला बिनव्याजी कर्ज देतो आणि स्वतः व्याजाने पैसे काढतो. १५ तारीख मागणे म्हणजे ही गाठ सोडवणे होते.

खंडोबाचा वार

अर्ज झाला, पण सुट्टी मिळाली नाही. सभा, अर्ज, ‘दीनबंधु’चे अंक हे चक्र चालू राहिले. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा वार, इथल्या मजुराला त्याचे काय, असा आक्षेप घेणाऱ्यांना लोखंड्यांनी खंडोबाची आठवण दिली असे सांगतात. रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या हजारो गिरणी कामगारांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता. जेजुरी आणि निमगावच्या वाटा ज्यांच्या पायाखालच्या, त्यांना रविवार परका कसा वाटेल?

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगार जमले. आजच्यासारखा ध्वनिक्षेपक नाही, हातात मोबाइल नाही. निरोप गेला तो चाळीतून चाळीत, खात्यातून खात्यात. त्या सभेत दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. १८९० साली, दहा हजार माणसांपुढे, गिरणीत राबणाऱ्या दोन बाया बोलल्या, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवी.

आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव फुले गेले. आपल्या सहकाऱ्याने मिळवलेले काही रविवार त्यांना पाहायला मिळाले, याचे समाधान वाटते.

१८९० च्या फॅक्टरी आयोगात मुंबईपुरते सदस्य म्हणून लोखंड्यांना घेतले गेले. ज्याने अर्ज लिहिला तोच आता अर्ज तपासणाऱ्यांच्या टेबलापाशी बसला. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास कामबंदी आणि स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा आणली. पहिल्या दोन मागण्या कायद्यात उतरल्या.

उरलेल्या तीन मागण्यांचे काय झाले, हे शोधायला गेले की पुढच्या साठ वर्षांचा इतिहास उलगडतो. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये. पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६ मध्ये. कामाच्या तासांची मागणी तर पायरी पायरीने उतरली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस उलट लांबला. मग १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना १२ तासांची मर्यादा, १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, आणि १९४६ मध्ये ४८. या शेवटच्या पायरीच्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. सुपारीबागेतल्या एका कागदावरच्या पाच ओळी संपूर्ण देशाच्या कायद्यात शिरायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला, पण त्या शिरल्या.

नोंदवही नसलेली संघटना

लोखंड्यांची असोसिएशन खरोखर युनियन होती का, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. वर्गणीची पावतीही नव्हती. त्या काळच्या सरकारी अहवालातही हेच नोंदले गेले. आयुष्यभर नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या संघटनेचीच नोंदवही नाही!

पण तेव्हा युनियनला कायद्याचे छप्पर कुठे होते? ट्रेड युनियन कायदा झाला १९२६ मध्ये. त्याआधी सभासद म्हणून नाव लिहायचे तर नोकरी पणाला लावायची. अशा वेळी सभेला येऊन उभे राहणे आणि अर्जावर सही करणे हीच वर्गणी. संघटना म्हणजे शेवटी काय, तर एकट्याने म्हटले तर उद्धटपणा ठरेल ते पाच हजारांनी एका आवाजात म्हणणे. हे ओळखणारा माणूस लागतो, आणि दोन्हीकडच्या भाषा येणारा लागतो. लोखंड्यांना कामगाराची बोली येत होती आणि कचेरीचा कागदही वाचता येत होता. युनियनचा पुढारी बहुतेक वेळा असा दोन जगांच्या सांध्यावर उभा असतो. तो खात्यातून आलेला असतो आणि त्याला परिपत्रक कळते.

त्यांची नजर गिरणीपुरती थांबली नाही. १८९० मध्येच मुंबईच्या न्हाव्यांची सभा भरवून विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असे त्यांच्याकडून वदवून घेण्यात लोखंड्यांचा पुढाकार होता. वस्तरा ज्याच्या हातात, त्यानेच तो खाली ठेवला तर रूढी पुढे चालेल कशी? हाही एक संपच, आणि त्यातून पगारवाढ कुणालाच मिळणार नव्हती. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर त्यांनी राणीच्या बागेत एकोप्याचा मोठा मेळावा घडवला.

रुळांवरचे तास

लोखंडे रेल्वेतून बाहेर पडले, पण त्यांनी मागितलेली गोष्ट रेल्वेतही मागितली जात होती, आणि तीही फार आधीपासून. १८६२ मध्ये हावड्याला सुमारे १,२०० रेल्वे मजूर आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले होते. मे दिन ज्या शिकागोच्या लढ्यावरून साजरा होतो तो १८८६ चा, म्हणजे २४ वर्षांनंतरचा. १८९९ मध्ये जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, तारयंत्रावरच्या सिग्नलरांनी संप केला आणि टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांची बाजू घेतली.

रेल्वे हे संघटनेचे सुपीक शेत का ठरले, याचे उत्तर कामाच्या घडणीत आहे. फिटरने ब्रेक तपासल्याशिवाय गाडी शेडबाहेर पडत नाही. पॉइंट्समनने सांधा वळवल्याशिवाय ती रूळ बदलत नाही. गँगमनने पाहिल्याशिवाय त्या रुळाचा भरवसा नाही. सगळे एकमेकांना बांधलेले, आणि एका वेळापत्रकाला बांधलेले. साखळीतली प्रत्येक कडी सारखीच मोलाची आहे हे तिथल्या माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही, त्याचा रोजचा दिवसच ते सांगतो. १९७४ च्या ८ मे रोजी सुरू झालेला आणि सुमारे तीन आठवडे चाललेला देशव्यापी रेल्वे संप याच जाणिवेतून उभा राहिला. इंजिन चालवणाऱ्यांचे न संपणारे तास हे त्यामागचे एक मोठे दुखणे होते. हजारो लोकांना अटक झाली, संप मोडला. पण मागणीच्या मुळाशी ९० वर्षांपूर्वीचाच प्रश्न होता: माझा दिवस कुठे संपतो?

शेवटचा आजार

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. सुपारीबागेच्या सभेला त्या दिवशी बरोबर १२ वर्षे झाली होती. गोदामांच्या, उंदरांच्या, दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये साथ पसरली आणि ज्यांना गावाकडे जाणे शक्य होते ते शहर सोडून जाऊ लागले. तोवर सरकारने रावबहादूर किताब दिलेले लोखंडे मुंबईतच राहिले. रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल उभे करण्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आतले. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

परळच्या कामगार अभ्यास संस्थेला आज लोखंड्यांचे नाव आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कधीकाळी ज्या खात्यात ते चाकरीला होते, त्याच खात्याच्या शिक्क्याखाली त्यांचा चेहरा घरोघर गेला.

आता पुन्हा रविवारी, मानपाडा रोडवरून स्टेशनवर. इंडिकेटरकडे पाहिले की कळते, आज मेगाब्लॉक आहे. साधारण अकरा ते चार. आपण वैतागतो. फलाटाच्या टोकाला जाऊन पाहिले तर लांब रुळांवर नारिंगी जाकिटे घातलेली माणसे उन्हात वाकलेली दिसतात. कुणी स्लीपर बदलतो आहे, कुणी ओव्हरहेड वायरच्या शिडीवर आहे, कुणी खडी सारखी करतो आहे. रोजच्या गर्दीत रुळांवर हात चालवता येत नाही, म्हणून आपला सुट्टीचा दिवस हाच त्यांचा सर्वांत जड कामाचा दिवस. आपल्या रविवारची किंमत ते मोजत असतात, आणि सोमवारची आठ-बाराची त्यांच्यामुळे धावते.

त्यांनाही आठवड्याची सुट्टी आहे, पण ती पाळीपाळीने येते. कुणाला बुधवारी, कुणाला शुक्रवारी, कुणाला मंगळवारी. जुने पंचांग काढून १० जून १८९० चा वार पाहिला. लोखंड्यांना रविवार मिळाला तो दिवसही मंगळवारच होता.